चार पर्याय, एक उत्तर

बारावीच्या बोर्डात उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. एमएचटी-सीईटीत तसे नाही. तिथे आपण निवडलेला पर्याय तेवढा मोजला जातो. म्हणून बोर्डात चांगले गुण घेणारी मुलेमुलीही सीईटीत मागे पडतात. या परीक्षेसाठी प्रश्न सोडवण्याची सवयच वेगळी लागते.

आधी वेळेचा हिशेब पाहू. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून 100 प्रश्न, वेळ 90 मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, वेळ तेवढाच. म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटांहून थोडे जास्त. एका गणितावर पाच मिनिटे अडून बसलात, तर पुढचे दोन सोपे प्रश्न गेलेच समजा. पहिल्या फेरीत येणारे प्रश्न सोडवा, अडलेले दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

दुसरी गोष्ट, पर्याय गाळायला शिका. समजा, प्रश्न आहे: साध्या लोलकाची लांबी चौपट केली, तर आवर्तकाल किती होईल? पर्याय: निम्मा, दुप्पट, चौपट, सोळापट. लोलक लांब झाला की तो सावकाश हलतो, म्हणून 'निम्मा' गेला. आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, आणि चारचे वर्गमूळ दोन. उत्तर 'दुप्पट'. कागदावर एकही आकडा मांडावा लागला नाही. संकल्पना मात्र पक्की हवी.

सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीला 1 कापला जातो. तिथे निदान दोन पर्याय खात्रीने गाळता आले, तरच उत्तर द्या.

तिसरी गोष्ट चुकांची वही. प्रत्येक सराव परीक्षेनंतर चुकांचे तीन गट करा: संकल्पना कळली नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही. 'यांपैकी कोणते विधान चूक आहे' यातला 'चूक' शब्द नजरेतून सुटणे ही फार मोठी गळती आहे. कोणता गट मोठा आहे ते पाहून पुढच्या आठवड्याचा अभ्यास ठरवा. अकरावीचा भागही सोडू नका. सुमारे 20 टक्के प्रश्न त्यातून येतात.

आता दोन शब्द अम्मी-अब्बांसाठी. मुलगी घड्याळ लावून पेपर सोडवत असते, तेवढ्यात पाहुणे येतात आणि चहासाठी तिलाच उठवले जाते. भाऊ पेपर सोडवत असेल तर त्याला कुणी हाक मारत नाही. त्या 90 मिनिटांत तिला एकाच बैठकीत बसू द्या. चहा भावाने केला तरी चालेल. आठवड्यातून दोनदा एवढी सवलत घरात मिळाली, तर परीक्षेच्या दिवशी तिला घड्याळाची भीती वाटणार नाही, इन्शाअल्लाह.