मेलाटोनिनचा गवगवा आणि मेलाटोनिनचं काम

माझ्या आत्याच्या उशाशी तीन वस्तू असतात: बामची डबी, मोबाइल आणि मेलाटोनिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या. तिची कंबर कित्येक वर्षं दुखते आहे. रात्री अकराला ती गोळी घेते आणि साडेबारापर्यंत पडल्या पडल्या मोबाइल बघते. तीनच्या सुमारास कळ उठते, जाग येते. उजाडेपर्यंत कुशी बदलणं चालतं आणि मग झोप लागते ती थेट नऊपर्यंत. "अगं, ही झोपेची गोळी नव्हे. आपल्या अंगातच तयार होतं ते. दुखणंही कमी करतं," असं ती मला सांगते. मेलाटोनिनचा सगळा प्रचार तिच्या या बोलण्यात आला आहे. तो तपासायला हवा, कारण त्यावर विसंबणारी माणसं आधीच दुखण्याने जेरीला आलेली असतात.

पहिला दावा, अंगातलंच आहे म्हणून निर्धोक आहे. १९५८ साली येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी गुरांच्या पिनिअल ग्रंथींतून हे द्रव्य वेगळं केलं. अंधार पडला की आपलीही ही ग्रंथी ते रक्तात सोडते. पण इन्सुलिनही अंगातच तयार होतं. म्हणून कुणी ते मनाने टोचून घेत नाही. शिवाय डबीवर छापलेलं आत असेलच याचीही खात्री नाही. अमेरिकेत मेलाटोनिन पूरक आहार म्हणून खुलं विकलं जातं. तिथे २०२३ साली २५ प्रकारच्या मेलाटोनिन गमीज तपासल्या, तेव्हा २२ डब्यांवरचं प्रमाण चुकीचं निघालं आणि एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळीला हात लावू नये.

दुसरा दावा, गाढ झोप लागते. २०१३ साली १९ चाचण्यांतल्या १,६८३ जणांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. मेलाटोनिनमुळे झोप सरासरी ७ मिनिटं लवकर लागली आणि एकूण झोप ८ मिनिटांनी वाढली. रात्रभर तळमळणाऱ्याला या मिनिटांनी काय दिलासा मिळणार? साध्या गोळीतलं मेलाटोनिन रक्तात साधारण तासाभरात निम्म्यावर येतं. अकराला घेतलेल्या गोळीने तीनची जाग टळेल, ही आशा म्हणूनच फोल आहे. प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर मेलाटोनिन वापरू नये, असंच अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सुचवलं.

तिसरा दावा, वेदना कमी होते. हा अगदीच निराधार नाही. ब्राझीलमध्ये एंडोमेट्रिऑसिस या गर्भाशयाशी निगडित वेदनादायक विकाराच्या ४० रुग्ण स्त्रियांवरची चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात रोज १० मिलिग्रॅम मेलाटोनिन घेणाऱ्यांचं दुखणं आठ आठवड्यांत बरंच उतरलं. पण २०२३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी तितक्याच स्त्रियांवर दुप्पट मात्रेची चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा औषध आणि लुटुपुटुची गोळी यांत फरक दिसला नाही. अशा छोट्या आणि एकमेकींना छेद देणाऱ्या चाचण्यांवरून फार तर पुढच्या संशोधनाची दिशा ठरते. त्यांच्या भरवशावर उपचार विकणं गैर आहे.

मग झोपेचा नाद सोडून फक्त दुखण्यामागे लागावं का? "दुखणं थांबलं की झोप आपोआप येईल" असं म्हणणारेही चुकतात. टोरांटोत हार्वे मोल्डोफ्स्की यांनी १९७५ साली निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप रात्रीमागून रात्र मोडली. त्यांचे स्नायू दुखू लागले, दाबलं की कळ येऊ लागली. दुखण्याने झोप मोडते, तसं झोपमोडीने दुखणंही वाढतं. म्हणूनच झोपेवरचा उपचार हा वेदनेवरच्या उपचाराचाच भाग आहे.

मेलाटोनिनलाही त्याची जागा आहे. ते शरीराला 'रात्र झाली' एवढं सांगतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, डोळ्यांना उजेड अजिबात न कळणाऱ्या सात अंध व्यक्तींपैकी सहा जणांचं भरकटलेलं झोपेचं चक्र त्याने ताळ्यावर आणलं. लांबच्या विमानप्रवासानंतर किंवा झोपेची वेळच पुढे सरकलेल्यांना ते उपयोगी पडतं. तिथे मात्रेइतकीच वेळ महत्त्वाची असते.

जुनाट निद्रानाशावर मात्र पहिला उपचार ठरतो तो सवयी आणि विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धती. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली तेच सांगितलं. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. झोप आली तरच आडवं व्हायचं. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून मंद उजेडात बसायचं. अंथरूण झोपेपुरतंच ठेवायचं. जुनाट दुखणं असलेल्यांचीही झोप याने सुधारते. वेदनेतला फरक थोडा असतो, पण नीट झोपलेला माणूस ती वेदना अधिक बळाने पेलतो.

आत्याचा मोबाइल आता रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो आणि ती साडेसहाला उठते. कंबर अजून दुखते. तीनला जाग आली तरी पुन्हा डोळा लागतो, असं ती म्हणते. डॉक्टरांना माझी विनंती आहे: "कुठे दुखतं?" या प्रश्नासोबत "किती वाजता उठता?" हेही विचारा. आणि दुखणं सोसणाऱ्यांनो, गोळीची मात्रा मनाने वाढवण्याआधी उठायची वेळ पक्की करा.