खोकल्याची उरलेली बाटली

थंडी पडू लागली की घरोघरी खोकला सुरू होतो. लेकराला झोप नाही म्हणून आईला झोप नाही, आणि पहाटे उठून कामावर तर जायचेच असते. अशा वेळी फळीवरची जुनी बाटली हाती येते. मागच्या साली थोरल्यासाठी आणलेली, अर्धी उरलेली. परवा एका भगिनीने अशीच बाटली दाखवून आम्हांला विचारले, "औषध डॉक्टरनेच दिलेले आहे. धाकट्याला पाजले तर काय बिघडले?" धाकटा दीड वर्षाचा. कष्टाचा पैसा वाया जाऊ नये, हा तिचा विचार रास्तच आहे. तरीही आम्ही तिला "पाजू नका" असेच सांगितले. का, ते येथे सांगतो.

खोकला हा मुळात रोग नव्हे. छातीत साठलेला कफ बाहेर टाकण्याची ती शरीराची तऱ्हा आहे. सर्दीचा खोकला विषाणूंमुळे होतो आणि बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. बाजारातील काही औषधे खोकल्याची उबळ दाबतात, काही कफ पातळ करतात, काही नाक सुकवतात आणि गुंगी आणतात. मूल गप्प झोपले म्हणजे बरे झाले असे आपल्याला वाटते. पुष्कळदा ती नुसती गुंगी असते. लहान मुलांच्या साध्या खोकल्यावर या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत.

हे बजावण्याची वेळ का आली? त्याच सुमारास मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात 'कोल्ड्रिफ' नावाचे खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक बालके मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. तामिळनाडूच्या सरकारी तपासणीत त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष शेकडा ४८.६ इतके आढळले. ०.१ च्या वर ते चालत नाही. हे रसायन कारखान्यात वापरायचे, चवीला गोडसर. पातळ औषधात शुद्ध ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. तेथे हलका, न तपासलेला माल आला की हे विष आत शिरते.

आपल्या मुंबईला हे नवे नाही. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेले ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण प्राणास मुकले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात अशीच सुमारे ७० बालके गेली. त्यांच्या मृत्यूशी भारतात तयार झालेल्या औषधांचा संबंध जोडला गेला. चाळीस वर्षांत विष तेच राहिले आणि मरणारी बहुतेक गरिबांचीच लेकरे.

हे विष वासाने किंवा चवीने घरी ओळखता येत नाही. माल तपासणे हे कारखानदाराचे आणि सरकारचे काम आहे, ते त्यांनी चोख करावे अशी मागणी आपण केलीच पाहिजे. पण नको असलेले औषध न पाजणे एवढे तर आपल्या हाती आहे. औषध घेतल्यावर मुलाला उलट्या होऊ लागल्या, लघवी कमी झाली किंवा थांबली, तर क्षणाचाही वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि बाटली सोबत न्यावी.

मग करावे काय? अंगावरचे दूध चालू ठेवावे, कोमट पाणी व पेज थोडी थोडी द्यावी. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत, ते औषधाच्या दुकानात तयार मिळतात. एक वर्षावरील मुलाला चमचाभर मध द्यावा, त्याखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. चुलीचा आणि विडीचा धूर मुलापासून दूर ठेवावा. मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, ओठ निळे पडले असतील, तर रात्र असली तरी थांबू नये. दोन महिन्यांखालील तान्ह्या बाळाला खोकला झाला तर घरी उपाय न करता डॉक्टरांनाच दाखवावे.

मोठ्यांसाठीही दोन शब्द. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बाटल्या बदलत बसू नका, थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्यांनीही काहींना कोरडा खोकला लागतो. तसे वाटले तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा. गुंगीचे औषध घेऊन रिक्षा किंवा यंत्र चालवू नका.

त्या भगिनीने आमच्यासमोरच बाटली उजेडात धरली. मुदत संपून चार महिने झाले होते. आज आपल्याही फळीवर एकदा हात फिरवा.