टीका करणाऱ्या जाहिरातींच्या बाजूने

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत दूरचित्रवाणीवरच्या छोट्या जाहिराती १९५२ साली आल्या. त्यांच्यावरचा आक्षेपही जवळजवळ तितकाच जुना आहे. राज्यकारभाराचा कोणताही प्रश्न तीस सेकंदांत समजावता येत नाही, म्हणून जाहिरातवाले भीती आणि तिरस्कार विकतात, असे आक्षेपक म्हणतात. प्रतिस्पर्ध्यावर हल्ला करणारी जाहिरात त्यांना सर्वांत घातक वाटते. तिच्यामुळे प्रचाराची पातळी घसरते, मतदार विटून घरी बसतो आणि निकाल मतपेटीऐवजी चतुर जाहिरातकाराच्या हाती जातो, असे त्यांचे म्हणणे. या पूर्वपक्षातले तीस सेकंदांबद्दलचे विधान मान्य करावेच लागते. बाकीची विधाने इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत, आणि हल्ल्यालाच दोषी ठरवल्याने खरा दोष मात्र नजरेआड होतो.

पातळी घसरली असे म्हणायचे, तर ती कधीतरी उंच होती हे दाखवावे लागेल. १८२८ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांच्याविरुद्ध काळ्या शवपेट्यांची चित्रे असलेली पत्रके वाटली गेली. जॅक्सन यांच्या लष्करी अधिकारात सहा शिपायांना देहदंड झाला होता, त्याचा तो संदर्भ. त्यांच्या पत्नीचा पहिल्या पतीपासूनचा घटस्फोट पुरा होण्याआधीच दुसरा विवाह झाला, हेही चव्हाट्यावर आणले गेले. १८८४ साली एका बाजूने ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या अनौरस अपत्याची चर्चा केली, तर दुसऱ्या बाजूने जेम्स ब्लेन यांचे रेल्वे कंपन्यांशी असलेले संशयास्पद व्यवहार वेशीवर टांगले. चिखलफेकीसाठी त्या काळाला पडद्याची गरज पडली नव्हती.

पडद्यावरच्या पहिल्या मोहिमेत हल्ल्यापेक्षा गोडवाच अधिक होता. रॉसर रीव्ह्ज या नामांकित जाहिरातकाराने १९५२ साली माजी सेनापती ड्वाइट आयझेनहॉवर यांच्यासाठी प्रश्नोत्तरांची मालिका बनवली. सामान्य नागरिक प्रश्न विचारतो आणि सेनापती दोन वाक्यांत उत्तर देतात, असे तिचे स्वरूप. प्रत्यक्षात आयझेनहॉवर यांची उत्तरे न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत एका दिवसात आधीच चित्रित झाली होती. प्रश्न विचारणारे लोक नंतर शहर पाहायला आलेल्या पर्यटकांतून निवडले गेले. ज्यांचे बोलणे एकमेकांशी झाल्याचे दिसते, ती माणसे समोरासमोर आलीच नव्हती. म्हाताऱ्या सैनिकावर ही वेळ यावी, अशी हळहळ खुद्द आयझेनहॉवर यांनी व्यक्त केल्याचे सांगतात. महागाईवर उपाय काय, कर किती कमी होणार, हे त्या उत्तरांतून कळत नाही. कळते ते इतकेच, की सेनापतींनाही महागाईची काळजी आहे.

विरोधी उमेदवार ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी अर्ध्या अर्ध्या तासाची भाषणे प्रसारित केली आणि ती अनेकदा वेळेत संपली नाहीत. उमेदवार नाश्त्याच्या पाकिटासारखा विकणे हा लोकशाहीचा अपमान आहे, असे ते १९५६ साली म्हणाले. त्याच वर्षी त्यांच्या पक्षाने मात्र एक नवी गोष्ट केली. १९५२ च्या त्या प्रश्नोत्तरांचे तुकडे पुन्हा दाखवले आणि जनरलसाहेब, तेव्हा काय म्हणाला होता आणि आज भाव काय आहेत, असे विचारले. हल्ला चढवणाऱ्या जाहिरातींच्या पहिल्या नमुन्यांपैकी हा एक. स्वतःच्या स्तुतीच्या जाहिरातीने दिलेले आश्वासन जाब विचारण्याजोगे झाले, ते विरोधकाने हल्ला केला म्हणून. सत्ताधारी उमेदवार आपल्या चुकांची यादी आपण होऊन कधीच प्रसारित करणार नाही. ते काम दुसऱ्या कोणाला तरी, आणि बहुधा स्वार्थापोटीच, करावे लागते.

१९६० चे उदाहरण याहून बोलके आहे. उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा सारा प्रचार अनुभवावर उभा होता. त्यांची कोणती मोठी सूचना तुम्ही स्वीकारली, असे पत्रकारांनी ऑगस्टमध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांना विचारले. एक आठवडा दिलात तर एखादी आठवेल, असे ते बोलून गेले. निक्सन यांचे प्रतिस्पर्धी जॉन केनेडी यांच्या पक्षाने ते चित्रण तसेच्या तसे जाहिरातीत घातले. त्यात विडंबन नाही, रंगवलेले दृश्य नाही. जो दावा मतदारापुढे मांडला जात होता, त्याच्याविरुद्धचा तो उत्तम साक्षीदाराचा जबाब होता. राज्यशास्त्रज्ञ जॉन गीअर यांनी १९६० पासूनच्या अध्यक्षीय जाहिरातींचा अभ्यास करून २००६ साली जे पुस्तक लिहिले, त्याचा निष्कर्ष याच दिशेचा आहे. हल्ल्याच्या जाहिरातींत धोरणांविषयीचा मजकूर स्तुतीच्या जाहिरातींपेक्षा जास्त असतो आणि पुराव्याचा आधारही जास्त दिला जातो. कारण सरळ आहे. मी देशावर प्रेम करतो, या विधानाला पुरावा लागत नाही. समोरच्याने अमुक विधेयकाविरुद्ध मत दिले, असे म्हणायचे तर विधेयकाचे नाव आणि तारीख द्यावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी तोंडघशी पडण्याची पाळी येते.

या सगळ्याला उत्तर म्हणून आक्षेपक १९६४ ची डेझीच्या फुलाची जाहिरात पुढे करतात. ७ सप्टेंबरच्या रात्री एनबीसी वाहिनीवर चित्रपटाच्या मध्ये ती लागली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या चुकतमाकत मोजते, तिच्या आवाजाची जागा क्षेपणास्त्र सोडण्यापूर्वीची उलटी गणना घेते, कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो आणि अणुस्फोट होतो. मागून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा आवाज येतो. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नाव कुठेही नाही. जॉन्सन यांच्या मोहिमेने ती पैसे देऊन एकदाच दाखवली. बाकीचा प्रसार वृत्तवाहिन्यांनी बातमी म्हणून फुकट केला.

तिच्यात भीती आहे, यात शंका नाही. पण ती निराधार होती का? गोल्डवॉटर यांनी १९६३ च्या अणुचाचणी बंदी कराराविरुद्ध सिनेटमध्ये मत दिले होते, आणि छोटी अण्वस्त्रे वापरण्याचा अधिकार युरोपातील सेनापतींकडे असावा, असे मत जाहीरपणे मांडले होते. क्यूबातील क्षेपणास्त्रांचा पेच होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. अशा उमेदवाराबद्दल मतदाराला भीती वाटावी, असे म्हणणे वादग्रस्त असेल, गैर नव्हे. त्या जाहिरातीने निवडणूक जिंकून दिली ही समजूतही खरी नाही. जॉन्सन त्याआधीच खूप पुढे होते, आणि शेवटी त्यांना सुमारे ६१ टक्के मते व ४४ राज्ये मिळाली.

त्या वर्षीची खरी फसवणूक दुसरीकडे होती, आणि ती हल्ल्याच्या रूपात आलीच नव्हती. आशियाई तरुणांनी लढायची लढाई लढण्यासाठी अमेरिकी तरुणांना हजारो मैल दूर पाठवणार नाही, असे आश्वासन जॉन्सन ऑक्टोबरमधल्या भाषणात देत होते. मार्च १९६५ मध्ये अमेरिकी मरीन सैनिक व्हिएतनाममधील दा नांगला उतरले आणि वर्षअखेरीस तिथे सुमारे १ लाख ८४ हजार अमेरिकी सैनिक होते. नागरिकाला सर्वांत महाग पडले ते शांततेचे सौम्य, सकारात्मक आश्वासन. त्याला अजून कोणी हीन प्रचाराचा नमुना म्हणत नाही.

मतदार विटून घरी बसतो, या तर्काला एकेकाळी चांगला विद्वत्तेचा आधार होता. स्टीफन अँसोलाबेहेअर आणि शांतो अय्यंगार यांनी १९९५ साली प्रयोगांच्या आधारे तसे मांडले, आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पात्र मतदारांपैकी निम्म्यांहून जेमतेम अधिक लोक मतदानाला गेले. पण त्यानंतर जाहिराती अधिक कडवट होत गेल्या आणि मतदानही एकंदरीत वाढले. २०१२ मध्ये बहुतांश अध्यक्षीय जाहिरातींत प्रतिस्पर्ध्यावर हल्ला होता. २०२० मध्ये मतदान सुमारे ६६ टक्क्यांवर, म्हणजे १९०० नंतरच्या उच्चांकावर गेले. हल्ल्यामुळेच ते वाढले असे यातून सिद्ध होत नाही, पण हल्ल्यामुळे ते घटते हे म्हणणे मात्र उरत नाही. २००७ साली शंभरावर अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधकांनाही मतदान घटल्याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही.

जाहिरातकाराच्या जादूचे तर नावच मोठे. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी दूरचित्रवाणीवर डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च केला. त्या वर्षीच्या ४९ जाहिराती ५९ प्रयोगांत तपासणारा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. एका जाहिरातीचा परिणाम अत्यल्प असतो, आणि ती स्तुतीची आहे की हल्ल्याची याने फारसा फरक पडत नाही, असे त्यात आढळले. तरीही पैसा ओतला जातो, कारण चार-सहा अटीतटीच्या राज्यांत अत्यल्प फरकही निर्णायक ठरू शकतो. क्लिंटन यांच्या जाहिरातींची दुसरी बाजू मंडनाला उपयोगी नाही, पण सांगायला हवी. त्यांतल्या बऱ्याच हल्ल्याच्या होत्या, आणि त्यांत धोरण फारच कमी होते. एका जाहिरातीत तर ट्रम्प यांचीच वक्तव्ये लहान मुले ऐकताना दिसतात. हल्ला झाला म्हणजे माहिती मिळालीच, असे समीकरण मांडता येत नाही.

मंडनपक्षाची खरी परीक्षा १९८८ मध्ये आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात कैद्यांना काही काळ सुट्टीवर सोडण्याची योजना १९७२ पासून होती; ती एका रिपब्लिकन गव्हर्नराच्या काळात सुरू झाली. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्यांना तिच्यातून वगळणारे विधेयक गव्हर्नर मायकेल डुकाकिस, म्हणजे १९८८ चे डेमोक्रॅटिक उमेदवार, यांनी १९७६ मध्ये नाकारले. विल्यम हॉर्टन हा असाच कैदी सुट्टीवरून परतला नाही, आणि १९८७ मध्ये त्याने मेरिलँडमध्ये एका जोडप्यावर भीषण अत्याचार केला. गव्हर्नरच्या निर्णयाचा तो परिणाम होता, म्हणून प्रश्न विचारणे रास्तच होते. तो पहिल्यांदा काढला तोही डेमोक्रॅटिक पक्षातल्याच ॲल गोअर यांनी, पक्षांतर्गत वादसभेत.

पुढे जे झाले ते रास्त नव्हते. एका बाहेरच्या समितीने हॉर्टनचा, एका कृष्णवर्णीयाचा, पोलिसी फोटो पडद्यावर आणून गोऱ्या मतदाराच्या जुन्या भीतीला हात घातला. पाठोपाठ रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांच्या अधिकृत मोहिमेची जाहिरात आली. तुरुंगाच्या फिरत्या दारातून कैदी आत जातात आणि बाहेर येतात. निवेदक खुन्यांना मिळणाऱ्या सुट्ट्यांबद्दल बोलतो आणि त्याच वेळी पडद्यावर २६८ पळाले अशी अक्षरे उमटतात. २६८ हा आकडा खरा होता. पण ते सर्व प्रकारचे गुन्हेगार होते आणि ते अनेक वर्षांत पळाले होते. सुटका नसलेल्या खुनाच्या शिक्षेतले त्यांत केवळ चार होते. बाहेर पडून अनेकांनी अपहरण आणि बलात्कार केले असे निवेदक म्हणतो. तसा माणूस एकच होता, हॉर्टन. प्रत्येक तुकडा बिनचूक ठेवून जोडणीतून खोटे सांगण्याचा हा वस्तुपाठ. त्याला उत्तर देता आले असते. डुकाकिस यांनी ते वेळेवर दिले नाही, ही त्यांची चूक. पण तिने जाहिरात खरी ठरत नाही.

२००४ मध्ये हाच प्रकार नव्या वाटेने आला. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधील शौर्यपदकांवर संशय घेणारी माजी नौसैनिकांची जाहिरात तीनच राज्यांत, सुमारे ५ लाख डॉलरच्या वेळेत सुरू झाली. तिच्यात बोलणारे केरी यांच्या बोटीवर नव्हते, आणि नौदलाच्या तपासणीत पदके रीतसर दिल्याचे निष्पन्न झाले. पण तोवर वृत्तवाहिन्यांनी वाद आहे म्हणून ती देशभर दाखवली होती. डेझीच्या वेळी त्यांनी जे केले तेच इथे केले. फरक इतकाच, की १९६४ मध्ये जाहिरातीमागे अध्यक्षाचे नाव होते. इथे जबाब द्यायला उमेदवार नव्हता.

दोष नेमका इथे आहे, आणि अमेरिकी कायदा त्याला खतपाणी घालतो. १९३४ च्या दळणवळण कायद्याच्या ३१५ व्या कलमाने प्रसारण केंद्राला उमेदवाराच्या जाहिरातीत काटछाट करण्यास मनाई आहे. ती उघड खोटी असली तरी दाखवावी लागते. बदल्यात १९५९ च्या निकालाने केंद्राला बदनामीच्या दाव्यापासून संरक्षण मिळाले. बाहेरच्या समितीची जाहिरात केंद्र नाकारू शकते, पण पैसे तिचेच अधिक. उमेदवारांना मतदानापूर्वीच्या ६० दिवसांत किमान दर मिळतो, समित्यांना नाही. २००२ च्या कायद्याने उमेदवाराला स्वतःच्या आवाजात या जाहिरातीला माझी मान्यता आहे असे म्हणणे भाग पाडले. २०१० च्या न्यायालयीन निकालांनी स्वतंत्र समित्यांना अमर्याद देणग्या खुल्या झाल्यावर कडवट कामे तिकडे सोपवण्याची सोय झाली.

भारतीय वाचकाला यावर पूर्वप्रमाणनाचा उपाय सुचेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशापासून भारतात राजकीय जाहिरात दूरचित्रवाणीवर जाण्यापूर्वी निवडणूक आयोगाच्या समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. अमेरिकेत हे घटनेत बसणारे नाही. ओहायो राज्याने प्रचारातील खोट्या विधानांना शिक्षा देणारा कायदा केला होता. २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला. आणि ते एका अर्थी बरेच. खरे-खोटे ठरवणारी सरकारी समिती १९६४ मध्ये असती, तर अध्यक्षाच्या व्हिएतनाम-आश्वासनावर टीका करणारी जाहिरात तिने अप्रमाणित म्हणून अडवली असती, हीच शक्यता अधिक.

घटनेच्या चौकटीत करण्याजोगे काम पैशाच्या उगमाचे आहे. प्रसारण केंद्रांना राजकीय वेळेच्या खरेदीची नोंदवही ठेवावी लागते, आणि २०१४ पासून सर्व दूरचित्रवाणी केंद्रांना ती इंटरनेटवर टाकावी लागते. कोणत्या समितीने कोणत्या कार्यक्रमात किती डॉलरला वेळ घेतली, हे कोणालाही पाहता येते. त्या समितीला पैसे देणारी संस्था जर देणगीदार जाहीर न करणारी असेल, तर वाट तिथेच संपते. नोंदवहीत समितीचे नाव, पत्ता आणि पदाधिकाऱ्यांची यादी असते. मूळ देणगीदाराच्या नावासाठी तिच्यात रकानाच नाही.