पत्ता बदलला म्हणून देणे चुकत नाही

कंत्राटदार कंपनीने आपल्या कार्यालयाचा पत्ता बदलला, तर कामगार संघटनेने त्यात लक्ष घालण्यासारखे काय आहे, असे अधिकारी मंडळी आम्हाला नेहमी विचारतात. जागा त्यांची, भाडे त्यांचे, पाटी त्यांची. तुमचा संबंध कामाशी आणि पगाराशी, असे वर ऐकवले जाते. आमचे उत्तर सरळ आहे. पगार बुडाला तर तो मागायला कोणत्या दारात जायचे, हे कामगाराला ठाऊक असलेच पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक व्यक्ती आहे, पण या व्यक्तीला हाडामांसाचे शरीर नाही. तिला नोटीस द्यायची, समन्स बजावायचे, तर ते तिच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर. तो पत्ता खोटा ठरला की कंपनी कागदावर जिवंत राहते, पण कोणाच्या हाती लागत नाही.

रेल्वे कामगाराला ही गोष्ट नवी नाही. जीआयपी रेल्वे कंपनी १८४९ साली विलायतेच्या पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. तिचे बोर्ड लंडनला आणि घाम गाळणारा कामगार परळच्या वर्कशॉपात, इगतपुरीच्या घाटात. बार्शी लाइट रेल्वेची कंपनीही १८९५ साली लंडनलाच नोंदलेली. सरकारने ती १९५४ साली ताब्यात घेतली. मालक सातासमुद्रापलीकडे होता, तरी येथे त्याच्या वतीने बसणारा एक अधिकारी होता आणि त्याला ‘एजंट’च म्हणत. पुढे त्याच हुद्द्याला जनरल मॅनेजर हे नाव आले. आमच्या आधीच्या पिढ्यांनी आपले अर्ज या एजंटाच्या दारात नेऊन दिले. एजंट अर्ज फेटाळी, दमदाटी करी, पण तो मुंबईत होता आणि त्याचे दार सर्वांना माहीत होते. आज मालक याच देशातला आहे आणि त्याचे दार सापडत नाही, ही उलटी गंगा आम्ही पाहतो आहोत.

आमच्या विभागातील एका जंक्शनवरचे उदाहरण घ्या. गाड्यांच्या सफाईचे कंत्राट एका कंपनीकडे होते. मुदत संपली, कंपनीने गाशा गुंडाळला आणि चाळीसेक कामगारांचा दोन महिन्यांचा पगार व बोनस मागे राहिला. कामगारांत निम्म्याहून अधिक महिला. संघटनेने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर नोटीस धाडली. पाकीट परत आले. त्यावर शेरा होता, ‘या पत्त्यावर नाही’. चौकशी केली तेव्हा कळले की ते कार्यालय नव्हतेच. ती एका हिशेब-सल्लागाराची खोली होती आणि वर्षाला ठराविक रक्कम घेऊन तो आपला पत्ता अशा अनेक कंपन्यांना वापरू देत असे. तो म्हणाला, “त्यांचा आमचा करार संपला, आम्ही त्यांची पाटी काढून ठेवली.” सरकारी नोंदीत मात्र पत्ता तोच होता. काही महिन्यांनी तो बदलला, तोही थेट दुसऱ्या राज्यात. तोवर कामगार खात्यापुढच्या तारखा एकाच कारणाने पुढे ढकलल्या जात होत्या. नोटीस बजावली गेलेली नाही! अखेर मुख्य मालक या नात्याने रेल्वेकडे धरणे धरून अडवलेल्या बिलातून पगार मिळवला. बोनस अजून मिळायचा आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक कंपनीला पत्र व नोटिसा स्वीकारू शकेल असे नोंदणीकृत कार्यालय ठेवावेच लागते. बाहेर नावाची पाटी हवी आणि ती त्या भागातल्या लोकांच्या भाषेतही हवी. प्रत्येक लेटरहेडवर हा पत्ता आणि कंपनीचा २१ अक्षर-अंकी ओळख क्रमांक छापायचा असतो. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कंपनी रजिस्ट्रारला कळवायचे. न कळवल्यास दिवसाला १,००० रुपये आणि जास्तीत जास्त १ लाख रुपये दंड. कंपनी धंदा करीत नसल्याचा संशय आला, तर रजिस्ट्रार जागेवर जाऊन पाहणी करू शकतो. २०२२ च्या नियमाने अशी पाहणी दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष, जागेचे छायाचित्र घेऊन करायची आहे.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कार्यालय न्यायचे असेल, तर नियम अधिक कडक आहेत. भागधारकांचा विशेष ठराव लागतो आणि केंद्र सरकारच्या वतीने प्रादेशिक संचालकाची मंजुरी लागते. घेणेकऱ्यांची यादी द्यावी लागते व प्रत्येकाला स्वतंत्र नोटीस द्यावी लागते. ती यादी नोंदणीकृत कार्यालयात ठेवायची असते आणि कोणालाही ती पाहता येते. वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. ज्याच्या हिताला बाधा येईल त्याला जाहिरातीपासून १४ दिवसांत प्रतिज्ञापत्रासह हरकत घेता येते. या स्थलांतरामुळे एकाही कामगाराची कपात होणार नाही, असे प्रतिज्ञापत्र संचालकांनी द्यायचे असते आणि राज्याच्या मुख्य सचिवालाही अर्ज द्यायचा असतो. म्हणजे पत्ता बदलण्याचा आणि कामगाराचा संबंध आहे, हे खुद्द सरकारच्या नियमांनीच मान्य केले आहे. ‘तुमचा काय संबंध’ म्हणणाऱ्यांनी ते नियम वाचावेत.

मग कामगाराच्या पदरात काही का पडत नाही? आमच्या मते याची चार कारणे आहेत.

पहिले असे की, ही सारी बंधने मुख्यतः राज्याबाहेर जाण्याला आहेत. त्याच शहरात या गल्लीतून त्या गल्लीत पत्ता हलवायला संचालकांचा निर्णय आणि एक फॉर्म पुरतो. कामगाराला कळवण्याचे बंधन नाही.

दुसरे, जाहिरात छापली जाते ती नोंदणीकृत कार्यालय असलेल्या जिल्ह्याच्या भाषिक पत्रात आणि त्या राज्यातल्या इंग्रजी पत्रात. कार्यालय कोलकात्याचे असले तर जाहिरात बंगालीत येणार. तिची कामगार मंडळी मात्र नागपूरला, इटारसीला, गुंटकलला झाडू मारीत असणार. बंगाली पत्रातली जाहिरात त्यांनी १४ दिवसांत वाचावी आणि प्रतिज्ञापत्र करून हरकत धाडावी, ही अपेक्षा म्हणजे थट्टाच झाली.

तिसरे, कंपनीवर चौकशी किंवा खटला चालू असेल तर स्थलांतराला मनाई आहे खरी, पण ती कंपनी कायद्याखालच्या चौकशीपुरती आणि खटल्यापुरती. पगाराचा दावा पडून आहे, बोनसची तक्रार चालू आहे, याची तेथे गणतीच नाही.

चौथे, कामगाराचा पगार थकला की तो घेणेकरी होतो. पण यादी तयार करणारी कंपनीच असते. ज्याचे पैसे बुडवायचे त्याचे नाव ती आपण होऊन यादीत कशाला घालील?

कंपन्यांची बाजू आम्हाला माहीत नाही असे नाही. भाडे वाढते, जागामालक खाली करायला सांगतो, धंदा दुसऱ्या शहरात वाढतो. लहान कंपनीला स्वतःचे कार्यालय परवडत नाही म्हणून ती सल्लागाराचा पत्ता घेते, त्याचे काम आवडले नाही तर करार मोडून दुसरा सल्लागार धरते. यात बेकायदा काही नाही आणि तो हक्क काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. जो सल्लागार फी मिळत नाही म्हणून आपला पत्ता काढून घेतो, त्यालाही दोष देता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, जुने दार बंद होणे आणि नवे दार उघडणे यांच्यामध्ये एक दिवसाचीही पोकळी राहता कामा नये. आज ती राहते आणि त्या पोकळीत कामगाराची नोटीस हरवते.

हे अशक्य आहे असेही नाही. भांडवलदारांचे माहेरघर म्हणून ज्या अमेरिकेचे गोडवे गायले जातात, तेथल्या डेलावेअर राज्याचा कायदा आमच्या वकीलमित्रांनी आम्हाला समजावून सांगितला. तेथे प्रत्येक कंपनीला राज्यात एक नोंदणीकृत एजंट ठेवावाच लागतो आणि कोर्टाचे कागद त्याच्या हाती दिले की कंपनीला पोचले असे धरतात. एजंटाला काम सोडायचे असेल तर आधी कंपनीला ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. त्याने राजीनामा दाखल केल्यावर ३० दिवसांत कंपनीने नवा एजंट नेमला नाही, तर तिची सनद जप्त होते. त्यानंतर तिच्यावरचे समन्स राज्याच्या सचिवाकडे बजावता येते. म्हणजे एजंट गेला तरी कोर्टाचा कागद घेणारा कोणी ना कोणी उरतोच.

आपल्याकडेही परदेशी कंपनीसाठी अशी सोय आहे. कलम ३८० प्रमाणे तिला भारतात राहणाऱ्या, नोटिसा स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे नाव व पत्ता रजिस्ट्रारकडे नोंदवावा लागतो आणि बदल झाल्यास ३० दिवसांत कळवावा लागतो. त्या पत्त्यावर कागद ठेवला किंवा टपालाने धाडला की तो बजावला गेला. परदेशी कंपनीला जे लागू आहे, ते देशी कंत्राटदाराला लागू करायला अडचण कोणती?

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत :

१. नोंदणीकृत पत्ता बदलताना, तो शहरातल्या शहरात असला तरी, मुख्य मालकाला, कामाच्या प्रत्येक ठिकाणच्या मान्यताप्राप्त संघटनेला आणि संबंधित कामगार खात्याला लेखी सूचना देणे सक्तीचे करावे. कामाच्या ठिकाणी ती सूचना तेथल्या भाषेत लावावी.

२. पगाराचा, बोनसचा किंवा भरपाईचा दावा चालू असताना राज्याबाहेर स्थलांतराला मंजुरी देऊ नये. द्यायचीच तर दाव्याची रक्कम आधी जमा करून घ्यावी.

३. नोंदलेल्या पत्त्यावर कंपनी नसेल, तर रजिस्ट्रारकडे दिलेली नोटीस कंपनीवर बजावली गेली असे मानावे.

४. जो आपला पत्ता दुसऱ्याच्या कंपनीला फी घेऊन वापरू देतो, त्याने तो करार संपवताना रजिस्ट्रारला कळवावे.

५. रेल्वेने आपल्या टेंडरमध्येच अट घालावी की, पत्ता बदलल्याची सूचना आणि कामगारांचे देणे फिटल्याचा संघटनेचा दाखला मिळाल्याशिवाय कंत्राटदाराची अनामत परत होणार नाही.

पाचवी मागणी मान्य करायला संसदेत जावे लागत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने न दिलेले वेतन देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही ती जबाबदारी आहे. तेव्हा या अटीने रेल्वेचेच पैसे वाचतील.

मागण्या मान्य होईपर्यंत शाखांनी हातावर हात ठेवून बसू नये. कंत्राट सुरू होते त्याच आठवड्यात कंपनीचा ओळख क्रमांक, नोंदणीकृत पत्ता आणि संचालकांची नावे शाखेच्या वहीत उतरवून घ्यावीत. त्या क्रमांकात राज्याची दोन अक्षरे असतात. महाराष्ट्राची ‘एमएच’ जाऊन तेथे दिल्लीची ‘डीएल’ आली, तर बिऱ्हाड हलले म्हणून समजावे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ही माहिती पाहता येते. आपल्या घरातल्या शिकत्या मुलामुलींना दर महिन्याला ती पाहायला सांगावे. नोटिशीची प्रत मुख्य मालकाला आणि संचालकांनाही धाडावी. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, म्हणून पाठवताना पोच मिळेल अशी नोंदणी मागून घ्यावी. परत आलेले पाकीट फोडू नये, फेकू नये. ‘घेण्यास नकार’ असा शेरा असेल तर नोटीस पोचली असेच कोर्ट सामान्यतः धरते. ‘पत्त्यावर नाही’ असा असेल तर कंपनीने कलम १२ पाळले नाही याचा तो पुरावा ठरतो, आणि त्याची प्रत जोडून रजिस्ट्रारकडे पाहणीची मागणी करता येते.

आणि कंपनीचे नावच नोंदवहीतून काढून टाकले गेले तर? तरीही धीर सोडू नये. २०१७ साली सुमारे सव्वादोन लाख कंपन्यांची नावे अशी काढली गेली. कलम २५२ प्रमाणे नाव काढल्यापासून २० वर्षांपर्यंत कंपनी पुन्हा नोंदवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. असा अर्ज कोणाला करता येईल त्यांत सभासद आणि घेणेकरी यांच्या जोडीला ‘कामगार’ हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला आहे. १९५६ च्या जुन्या कायद्यातल्या त्या कलमात तो नव्हता.

पाटी उतरवली, खोलीची किल्ली परत केली, सल्लागाराचा करार संपवला, म्हणून केलेल्या कामाचे देणे संपत नाही. ज्या बाईने पहाटे चार वाजता डब्यातली घाण उपसली तिचा पत्ता बदललेला नाही. ती त्याच वस्तीत, त्याच पत्र्याखाली राहते. मालकाचा पत्ता तिला शोधावा लागू नये, तो तिला दिलेला असावा. हा विषय प्रत्येक शाखेने आपल्या पुढच्या सभेत घ्यावा, ठराव करावा आणि त्याची प्रत आपल्या विभागीय व्यवस्थापकाला द्यावी.