विज्ञानाचा लेख मराठीच्या तासाला वाचा



हायस्कूलच्या मुलांना वाचता येत नाही, ही तक्रार प्रत्येक पालकसभेत होते. उपाय काय, तर धड्याखालच्या प्रश्नांची आणखी एक वही! २०२३च्या ‘असर’ अहवालात १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नव्हता. ही मुलं इतकी वर्षं धडेच तर वाचत होती ना?

माझं म्हणणं सरळ आहे. आठवड्यातला एक तास ताज्या विज्ञानलेखाला द्या, आणि तोही मराठीच्या शिक्षकांनी घ्यावा. मराठीत असलं काही मिळत नाही, ही सबब नको. ‘सृष्टिज्ञान’ मासिक पुण्यात १९२८ साली सुरू झालं. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून आहे. ‘लोकसत्ता’तलं ‘कुतूहल’ सदर एवढंसं असायचं, एका तासात वाचून त्यावर भांडूनही व्हावं एवढं.

आता देवबागचंच बघा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तीवर माडांतली घरं. दर पावसाळ्यात किनाऱ्याची धूप, मग बंधाऱ्याचे काळे दगड. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेलं. दगड टाकावेत की नाहीत, टाकले तर वाळू पुढे कुणाच्या दारची जाईल, हे सगळं अहवालांत लिहिलेलं असतं. ज्यांच्या अंगणाचा हा प्रश्न, त्या घरातल्या नववीच्या मुलीला तो अहवाल वाचता येऊ नये?

शिवाय तिला तो इतरांपेक्षा लवकर कळेल. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी बेसबॉलवरचा उतारा मुलांना वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. भरती-ओहोटी, गाळ, उधाण हे शब्द देवबागच्या मुलांना शिकवावे लागत नाहीत. त्यांना ‘कच्ची’ म्हणण्याआधी त्यांच्या ओळखीचं काही हातात तरी द्या.

आपल्याकडे स्वाध्यायाला तप म्हटलंय, आणि तेही आभ्यंतर. त्यात वाचनेच्या लगेच पुढे पृच्छना येते, नंतर अनुप्रेक्षा. शाळा वाचनेवरच थांबते. खाडीतल्या वाळूच्या बेटाला ‘सुनामी आयलंड’ म्हणतात. २००४च्या सुनामीनंतर ते वर आलं, असं होडीवाले पर्यटकांना सांगतात. मुलांनी विचारावं: कुणी मोजलं? आधीचे नकाशे काय दाखवतात? खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे एरवीही तयार होतात ना? ही झाली पृच्छना.

कुणी म्हणेल, बातम्यांतलं विज्ञान चुकीचंही असतं. असू दे की! चांगला विज्ञानलेख ‘शक्यता आहे’, ‘अद्याप सिद्ध झालेलं नाही’ असं लिहितो. आपल्या ‘स्यात्’ची सवय असलेल्यांना ते परकं वाटू नये. आणि मैत्रिणींनो, आपल्याच ग्रुपवर ‘आपलं अमुक व्रत विज्ञानाने सिद्ध केलं’ असे निरोप रोज फिरतात. नाव नाही, वर्ष नाही, प्रयोगाचा पत्ता नाही. उकळलेलं पाणी आपण जीवदयेसाठी पितो. त्याला असल्या उधारीच्या प्रमाणपत्राची गरज नाही. असा निरोपही वर्गात नेऊन चांगल्या लेखाशेजारी ठेवावा.

परीक्षेचं काय, हाही प्रश्न येतोच. दहावीच्या मराठीच्या पेपरात अपठित उतारा असतोच. न वाचलेलं वाचण्याचा सराव वाचलेल्या धड्यांवर कसा होणार, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

ज्ञानपंचमीला आपण पुस्तकांची पूजा करतो, शास्त्रदान करतो. या वर्षी जवळच्या हायस्कूलला एखाद्या मराठी विज्ञान मासिकाची वर्गणी भरा. देताना एकच अट घाला: अंक मुख्याध्यापकांच्या कपाटात जायचे नाहीत, वर्गातल्या दोरीवर टांगायचे.