कॉल त्याला, बदली दोघांची

"नवऱ्याला ऑनसाइट मिळालं" ही बातमी आपण पेढे वाटून सांगतो. बायकोला नक्की काय मिळालं, हे सहसा कुणी विचारत नाही. आज त्याच विषयावर लिहायचंय, पण उदाहरण आपल्या हापिसातलं नाही. ते आहे पाळक व्हायला निघालेल्या एका मुलाचं आणि त्याच्या बायकोचं.

२०१३ ते २०१७ मी सेंट लुईसला होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एक लुथरन जोडपं राहायचं. दोघंही पंचविशीतली. तो कॉन्कॉर्डिया सेमिनरीत शिकत होता, ती नर्स होती. लुथरन म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट. ही सेमिनरी त्यांच्यातल्या 'मिसूरी सिनॉड' नावाच्या जरा सनातनी शाखेची. १८३९ साली मिसूरीतल्या पेरी काउंटीत सुरू झाली, आता सेंट लुईसच्या क्लेटन भागात आहे.

पाळक व्हायला तिथे काय लागतं? आधी पदवी, मग चार वर्षांचं मास्टर ऑफ डिव्हिनिटी. त्यात ग्रीक आणि हिब्रू दोन्ही आल्या. पहिली दोन वर्षं वर्ग, शिवाय रविवारी गावातल्या एखाद्या चर्चमध्ये उमेदवारी. तिसरं वर्ष 'व्हिकरेज', म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या चर्चमध्ये वर्षभर इंटर्नशिप. चौथ्या वर्षी परत वर्गात. आणि शेवटी 'कॉल', म्हणजे पहिलं पोस्टिंग. ते कुठे, हे सिनॉडच्या जिल्हाध्यक्षांचं मंडळ ठरवतं.

आता हाच टाइमटेबल बायकोच्या बाजूने वाचा. लग्न झालं की सेंट लुईसला या, नोकरी शोधा. दोन वर्षांनी ती सोडा, वर्षभरासाठी दुसरीकडे जा. मग परत या, परत नोकरी शोधा. वर्षभराने तीही सोडा. आमच्यासारखे ऑनसाइटवाले एवढ्या वेळा घर हलवायला लागले तर एचआरला मेल जाईल!!

रोजचं आयुष्य कसं होतं? तिची ड्यूटी संध्याकाळी सात ते सकाळी सात, आठवड्यातून तीन रात्री. ती घरी यायची तेव्हा हा आठच्या वर्गाला निघालेला असायचा. फ्रिजवर, आरशावर, मायक्रोवेव्हवर ग्रीक क्रियापदांच्या चिठ्ठ्या. भाडं, गाडीचा हप्ता, त्याच्या कॉलेजचं जुनं कर्ज, सगळं तिच्या पगारातून. चर्चचे लोक देणग्या देतात म्हणून सेमिनरीची फूड बँक चालते, तिथून पीठ, कॅन, फ्रोजन मांस यायचं. कपडे आणि फर्निचर सेमिनरीच्याच जुन्या वस्तूंच्या दुकानातून. त्यांचा सोफा मी स्वतः तीन जिने वर चढवलाय, त्यामुळे पक्कं माहीत आहे :)

मला आवडलेली गोष्ट अशी की त्यांना यात अजिबात कमीपणा वाटत नव्हता. आपल्याकडे वारावर जेवून शिकलेल्या मुलांच्या गोष्टी आजोबा लोक अभिमानाने सांगायचे, तशातलाच प्रकार. आपला पाळक शिकतोय तर त्याची चूल पेटती ठेवणं आपलं काम, असं चर्चचे लोक मानतात.

पण फूड बँकेतून करिअर मिळत नाही. व्हिकरेज लागलं मिनेसोटात. मिसूरीचं नर्सिंग लायसन्स बऱ्याच राज्यांत चालायचं, कारण त्या राज्यांचा आपसात करार होता. मिनेसोटा त्या करारात नव्हतं. म्हणजे नवा अर्ज, नवी फी, आणि लायसन्स हातात येईपर्यंत पगार बंद. वर, एका वर्षात जाणार हे माहीत असलेल्या नर्सला चांगल्या वॉर्डात कोण घेणार? मिळेल ती शिफ्ट तिने घेतली. परत आल्यावर जुन्या हॉस्पिटलात तिच्या बरोबरीच्या मुली चार्ज नर्स झालेल्या, आणि हिची सुरुवात पुन्हा रात्रपाळीपासून.

"पण ती स्वखुशीने करत होती ना?" हो, शंभर टक्के. तिची श्रद्धा नवऱ्याइतकीच पक्की होती. एखादी गोष्ट स्वखुशीने केली म्हणून ती फुकट होत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आपण त्याला 'त्याग' म्हणतो, हार घालतो आणि हिशेबाची वही मिटून टाकतो.

गंमत म्हणजे हे खातं थेट ल्यूथरच्या घरापासून चालत आलंय. १५२५ साली त्याने मठातून पळालेल्या कॅथरिना फॉन बोराशी लग्न केलं. विटेनबर्गचा जुना मठ हेच त्यांचं घर. ल्यूथर लिहीत आणि शिकवत होता, तेव्हा घर ही बाई चालवत होती. बाग, गुरंढोरं, बिअर गाळणं, विद्यार्थ्यांना पैसे घेऊन राहायला-जेवायला ठेवणं, सगळं तिच्याकडे. ल्यूथरला याची जाण होती. १५४२ च्या मृत्युपत्रात त्याने सगळं तिच्या नावे केलं, जे त्या काळच्या रीतीविरुद्ध होतं. १५४६ साली तो गेल्यावर कायद्याने ते मृत्युपत्र जसंच्या तसं मानलं नाही आणि तिची शेवटची वर्षं ओढाताणीत गेली. म्हणजे नवऱ्याला बायकोचा वाटा दिसत होता, व्यवस्थेला दिसला नाही. पाचशे वर्षं झाली, अडचण तीच आहे.

हा फक्त सनातनी शाखेचा दोष आहे का? मिसूरी सिनॉडमध्ये बायकांना पाळक होता येत नाही, हे खरं आणि मला ते पटत नाही. पण अमेरिकेतल्या दुसऱ्या मोठ्या लुथरन शाखेच्या पूर्वसुरींनी १९७० पासूनच बायकांना दीक्षा दिली. तिथेही शिक्षणात इंटर्नशिप असते, तिथेही पहिल्या पोस्टिंगसाठी गाव सोडावं लागतं. फक्त मागून जाणारा कधी नवरा असतो. बाई की पुरुष हा अर्धाच प्रश्न झाला. एकाच्या शिक्षणाची किंमत दोघं देतात आणि प्रमाणपत्रावर नाव एकाचंच येतं, हा उरलेला अर्धा.

आता आपल्याकडे वळू. एच-४ व्हिसावर आलेल्या आपल्या किती इंजिनियर मुली सेंट लुईसच्या अपार्टमेंटमध्ये बसून होत्या! मे २०१५ पासून त्यांतल्या काहींना कामाची परवानगी मिळू लागली, तीसुद्धा नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत गेलं असेल तर. बाकीच्यांचं सरकारी नाव एकच, डिपेंडंट. कंपनीच्या रिलोकेशन पॅकेजमध्ये सोफ्याचं भाडं धरलेलं असतं, बायकोची तीन वर्षं कुठल्याही रकान्यात नसतात.

इथे सेमिनरी मला आपल्या कंपन्यांपेक्षा प्रामाणिक वाटते. कॉलच्या दिवशी चॅपलमध्ये भर सभेत एकेकाचं नाव आणि गाव पुकारतात. बायको तिथेच बसलेली असते, आणि पुढची काही वर्षं कुठे जाणार हे तिलाही त्याच क्षणी कळतं. निर्णय तिचा नसतो, हे वाईटच. पण तो तिच्यावरही होतोय, हे निदान सगळ्यांसमोर होतं. मराठी ख्रिस्ती माणसं चर्चच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसं बायकोलाही 'मंडळी' म्हणायची. एका मंडळीची सेवा करायला निघताना दुसरीला गृहीत धरायचं नाही, इतकं साधं आहे हे.

उपदेश करायचा माझा वकूब नाही, पण तीन गोष्टी मात्र ठामपणे वाटतात. एक, बदलीचा निर्णय घेताना मागून येणाऱ्याचा बुडणारा पगार आणि मागे पडणारी वर्षं आकड्यांत लिहून काढा. दोन, पुढची पाळी कुणाची, हे आधीच ठरवा आणि तारखेसह ठरवा. "नंतर बघू" ही तारीख नव्हे. तीन, पेढे वाटताना दोघांचं नाव घ्या. तिसरी गोष्ट फुकटातली आहे, पण तिथूनच बाकीच्या दोन सुचतात.

ते जोडपं २०१७ मध्ये नेब्रास्कातल्या एका छोट्या गावी गेलं. तिथे जायच्या आधी दोघांनी मिळून ठरवलं की तिचं नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत पहिलं गाव सोडायचं नाही. ते तिने पूर्ण केलं, आणि तिच्या परीक्षांच्या दिवसांत स्वयंपाक पाळकसाहेब करत होते.

असो. तुमच्या घरात पुढची पाळी कुणाची आहे, हे या वीकांताला एकदा विचारून बघा.