कोचसाहेब, जरा गप्प बसाल का?

बास्केटबॉलची मॅच बघायला जाणाऱ्या आई-बाबांना आणि आजी-आजोबांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी पाच मिनिटं चेंडूकडे बघू नका. कोचच्या तोंडाकडे बघा. "पास कर! पास! अगं इकडे नाही, तिकडे! ड्रिबल नको! शूट! आत्ता कशाला शूट केलंस?" हे असं अखंड चालू असतं. बहिणीच्या नातीच्या मॅचना मी हल्ली जाते. मागच्या महिन्यात वही घेऊन बसले आणि कोचच्या प्रत्येक हुकमाला एक रेघ मारत गेले. (जन्म शाळेत गेला, हात रिकामा बसत नाही.) दहा मिनिटांचं पहिलं सत्र संपायच्या आत पान भरलं. त्यात पालकांच्या आरोळ्या धरलेल्या नाहीत. त्यांना वेगळी वही लागली असती.

आता मुलींकडे बघा. चेंडू हातात आला की पोरगी रिंगकडे बघत नाही, मोकळ्या उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे बघत नाही, समोर हात पसरून आडव्या आलेल्या मुलीकडेही बघत नाही. ती बघते बेंचकडे. 'सर, आता काय करू?' हे ती डोळ्यांनीच विचारते. उत्तर येईपर्यंत वाट बंद झालेली असते. मग पुन्हा ओरडा!

याला शिकवणं म्हणत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. बास्केटबॉल हा निर्णयाचा खेळ आहे, आणि आपल्याकडचे बरेच कोच मुलांकडून निर्णय सोडून बाकी सगळं करून घेतात.

खेळाचे नियमच बघा ना. चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत बास्केटवर फेक व्हायला हवी. ८ सेकंदांत चेंडू आपल्या अर्ध्यातून पुढे न्यायला हवा. कुणी अगदी अंगाशी येऊन अडवलं तर हातातला चेंडू ५ सेकंदांत पास, ड्रिबल किंवा शूट, काहीतरी करून मोकळं व्हायचं. रिंगखालच्या चौकोनात ३ सेकंदांहून जास्त रेंगाळायचं नाही. म्हणजे सगळा हिशोब सेकंदांचा. एवढ्या वेळात कोचने फट बघायची, शब्द जुळवायचे, ते गोंगाटातून मुलीच्या कानापर्यंत पोचायचे, तिने ते समजून घ्यायचे आणि मग हात हलवायचा... तोवर तिथे फट राहिलेली असेल का? कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्याला ३० सेकंद असतात. 'आता बोनसवर पाय टाक, आता मागे फिर' असं बाहेरून सांगून आजवर कुणी गुण आणले आहेत?

कोचने बोलूच नये असं नियमही म्हणत नाहीत. त्यासाठी टाइमआउट आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन, प्रत्येकी एक मिनिटाचे. चाळीस मिनिटांच्या सामन्यात पाच मिनिटं. बाकीचा वेळ खेळ खेळणाऱ्यांचा आहे, असा त्याचा अर्थ मी लावते.

मॅचमधला आरडाओरडा हा मात्र रोगाचा ताप आहे. रोग प्रॅक्टिसमध्ये आहे. मी दोन-तीन ठिकाणची प्रॅक्टिस बघितली. मैदानावर नारिंगी प्लॅस्टिकचे कोन मांडलेले, मुली त्यांना वळसे घालत ड्रिबल करतायत. मग तीन रांगा, एकेकीने धावत जाऊन ले-अप मारायचा आणि शेपटीला उभं राहायचं. मग पाच जणींनी मैदानावर यायचं आणि ठरलेली चाल करायची, समोर कुणीही नाही. दिसायला फार छान! पालक मोबाइलवर चित्रीकरण करतात. पण प्लॅस्टिकचा कोन हात पुढे करत नाही, हुलकावणी देत नाही, चेंडू चोरत नाही. त्याच्यासमोर मुलीला काहीच ठरवावं लागत नाही. हात शिकतो, डोळे झोपलेले राहतात.

त्याचं फळ मी डोळ्यांनी बघितलं. नातीच्या संघाची 'नंबर दोन' नावाची चाल आहे. तिने उजव्या कोपऱ्यात पास द्यायचा, मग पुढचं पुढे. तीन महिने पाठ केलेली. मॅचमध्ये समोरच्या संघातली एक चुणचुणीत मुलगी नेमकी त्याच कोपऱ्याच्या वाटेत येऊन उभी राहिली. आमच्या नातीने पास तिकडेच दिला. दोनदा. तिसऱ्यांदाही! डावीकडची मैत्रीण पूर्ण मोकळी होती. सर कडाडले, "डोकं कुठंय तुझं?" मी मनात म्हटलं, साहेब, तीन महिने ते तुमच्याकडेच ठेवलं होतं की.

हे दुखणं मला चांगलं ओळखीचं आहे. अपेक्षित प्रश्नसंचातून निबंध पाठ करणारी पोरं मी वर्षानुवर्षं तपासली आहेत. एकाने नदीचं आत्मवृत्त पाठ केलं होतं आणि परीक्षेत आलं विहिरीचं. त्याची विहीर डोंगरात उगम पावून, रानावनातून खळाळत शेवटी सागराला जाऊन मिळाली. शुद्धलेखन निर्दोष होतं.

यावर कोचमंडळींचं ठरलेलं उत्तर येतं. आधी मूलभूत तंत्र पक्कं नको का? पाया नको का? आणि मग जॉन वुडन यांचं नाव पुढे केलं जातं. ते नाव माझ्याही आवडीचं आहे, कारण हे गृहस्थ आधी शाळामास्तर होते, इंडियानात शाळेत इंग्रजी शिकवायचे. पुढे कॅलिफोर्नियात यूसीएलए विद्यापीठाच्या संघाला त्यांनी १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, त्यातली सात ओळीने. मोसमाच्या सुरुवातीला ते खेळाडूंना मोजे कसे चढवायचे आणि बुटाच्या नाड्या कशा बांधायच्या तेही शिकवत, पायाला फोड येऊ नयेत म्हणून. प्रॅक्टिसचा मिनिटा-मिनिटाचा आराखडा कार्डावर लिहून आणत. तंत्र घोटून घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे खरं.

पण मंडळी, वुडन यांचं नाव घेणाऱ्यांनी अर्धेच वुडन वाचलेले असतात! १९७४-७५ च्या मोसमात थार्प आणि गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या पंधरा प्रॅक्टिसना जाऊन बसले आणि ते काय काय बोलतात याची नोंद करत गेले. (माझ्या वहीसारखंच, फक्त शिस्तीत.) २,३२६ नोंदी झाल्या. त्यांत कौतुक सात टक्क्यांच्या आसपास, नुसतं रागावणंही जवळपास तेवढंच. सुमारे तीन चतुर्थांश नोंदींत नेमकी माहिती होती, काय करायचं, कसं करायचं. लांबलचक भाषण नाही, थोडक्यात सांगायचं आणि खेळ पुढे चालू. आणि हे सगळं प्रॅक्टिसमध्ये. सामना सुरू झाला की हे गृहस्थ हातात गुंडाळलेला कार्यक्रमपत्रिकेचा कागद घेऊन बेंचवर बसत, टाइमआउट मागायला सहसा नाखूष असत. माझं काम आठवडाभरात झालेलं आहे, आता तुम्ही बघा, असा तो बाणा. (देवमाणूस नव्हते हो. त्याच गुंडाळीआडून पंचांना टोमणे मारायचे, असं सांगतात. पण खेळणाऱ्या पोरांचं डोकं खात नव्हते.) आपल्या कोचमंडळींनी त्यांचं घोटून घेणं उचललं आणि गप्प बसणं सोडून दिलं.

तंत्र नकोच असं मी म्हणत नाही. हाताला चेंडूची सवय हवीच. पण 'आधी तंत्र, मग निर्णय' असा क्रम लावला की ते 'मग' दहावीपर्यंत येतच नाही. इंग्लंडमध्ये लफबरो इथे बंकर आणि थॉर्प या दोघा शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांनी १९८२ मध्ये नेमकी हीच तक्रार मांडली होती. मुलांना कौशल्यं येतात, खेळ येत नाही! त्यांनी क्रम बदलायला सांगितलं. आधी खेळाचं सोपं रूप खेळू द्या, अडचण मुलाला स्वतःला जाणवू द्या, मग त्या अडचणीपुरतं तंत्र शिकवा. मराठी शिकवणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये. मूल आधी बोलायला लागतं, व्याकरण नंतर येतं.

मैदानावर हे करणं कठीणही नाही, खर्चाचं तर मुळीच नाही. कोन उचला आणि तिथे मुली उभ्या करा. दोघींविरुद्ध एक. तिघींविरुद्ध दोघी. अडवणारी अंगावर आली की पास, नाही आली की स्वतः रिंगकडे. चेंडू हातात असलेल्या मुलीला हे दर खेपेला नव्याने बघावं लागतं, पाठांतराला जागाच नाही. एखाद्या दिवशी ड्रिबल बंद करा, मग मैत्रिणींना मोकळी जागा शोधत पळावंच लागतं. एखाद्या दिवशी 'एक मिनिट उरलंय, तुम्ही दोन गुणांनी मागे आहात' असं सांगून खेळ सुरू करा आणि काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. रांगेत उभं राहून वेणी घट्ट करत बसण्यापेक्षा चेंडू तरी जास्त वेळा हाताला लागेल.

आणि चूक झाली की ओरडण्याऐवजी विचारा. इथे मात्र माझ्या धंद्यातली एक गोष्ट ऐका. 'असं का केलंस?' विचारू नका. बारा वर्षांच्या पोरीला तो प्रश्न वाटत नाही, आरोप वाटतो. ती खाली मान घालून 'सॉरी सर' म्हणते आणि संवाद संपतो. 'तुला तेव्हा काय दिसलं?' असं विचारा. मग ती सांगते. कधी कळतं की तिला डावीकडची मैत्रीण दिसलीच नव्हती, म्हणजे काम नजरेवर करायचं आहे. कधी कळतं की दिसली होती, पण एवढा लांब पास जाईल याची खात्री नव्हती, म्हणजे काम हातावर करायचं आहे. बाहेरून दोन्ही चुका सारख्याच दिसतात. न विचारता कोचला कळणार कसं?

अमेरिकेतल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टीव्ह कर यांनी तर कमालच केली. १२ फेब्रुवारी २०१८ ला फिनिक्सविरुद्धच्या सामन्यात टाइमआउटमध्ये फळा आणि खडू, म्हणजे त्यांचा तो क्लिपबोर्ड हो, खेळाडूंच्याच हातात दिला. इग्वोडाला, ग्रीन, वेस्ट यांनी आळीपाळीने चाली आखल्या. संघ १२९-८३ असा जिंकला. समोरच्यांना तो अपमान वाटला, ते एक वेळ समजू शकते. पण संघ आपला आहे हे खेळाडूंना आठवावं म्हणून मोठ्या कोचलाही खुर्ची सोडावी लागली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

'अहो, ते करोडो डॉलरवाले खेळाडू, आमची सातवीतली पोरं,' असं माझा भाचा म्हणालाच. बरोबर आहे. सातवीतल्या पोरीला अख्ख्या संघाची चाल आखायला कुणीच सांगत नाहीये. समोरची वाट मोकळी आहे की नाही, एवढं तिचं तिने बघावं. तेही बाराव्या वर्षी नाही, तर कधी?

कोचची बाजू मला दिसत नाही असं नाही. तुटपुंजं मानधन, मैदान मिळणार संध्याकाळचा तासभर, वीस-वीस मुली, आणि जिल्ह्याची स्पर्धा हरलो की पालक दुसरा क्लब शोधतात. 'फी कशाची घेता, नुसते बसून तर असता' असं एका आईला मी स्वतः म्हणताना ऐकलंय. ओरडणारा कोच मेहनती वाटतो, गप्प बसलेला आळशी. तेव्हा निम्मा दोष कठड्याबाहेर बसणाऱ्या आपल्याकडेही येतो. गोष्ट क्षुल्लक आहे असं मात्र म्हणू नका. आमची नात उंच आहे, हात चांगला आहे, आणि गेले दोन महिने ती शूट करायचंच टाळते. चेंडू आला की लगेच दुसरीला देऊन मोकळी होते. 'दिला की कुणी ओरडत नाही गं आजी,' हे तिचं कारण. घरी म्हणते, पुढच्या वर्षी खेळ सोडणार.

अमेरिकेत मुलांच्या फुटबॉलच्या काही लीगमध्ये एखादा दिवस 'मूक सामन्यांचा' ठेवतात. कोचने आणि पालकांनी सामनाभर तोंडातून सूचना काढायची नाही, टाळ्या वाजवायच्या. कुठे कुठे पालकांना तोंडात धरायला काडीची गोळी देतात म्हणे. दिवाळीनंतरच्या आमच्या क्लबच्या आपसातल्या सामन्यांत एक दिवस असा ठेवा, असं मी सरांना लिहून कळवलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. गोळ्यांचा खर्च माझ्या पेन्शनमधून. सरांना दोन.